पडद्यावरचे सोयरे

आमचा कन्नड तालुका नकाशात फारसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. औरंगाबादेहून (आजच्या छत्रपती संभाजीनगराहून) धुळ्याकडे निघालेला प्रवासी वेरूळ पाहून झाल्यावर कन्नडास चहा घेतो, गौताळ्याच्या डोंगरातून औट्रम घाट उतरतो आणि चाळीसगावला पोचेपर्यंत कन्नडला विसरूनही जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु या तालुक्याच्या पदरी दोन अशी माणसे आहेत, की ज्यांच्यापाशी थोडा वेळ थांबावे. त्यांपैकी एक दगडाचा आहे आणि दुसरी हाडामांसाची होती. एकाने हसून घेतले, दुसरीने रडून.

पहिला पितळखोऱ्याचा यक्ष. सातमाळ्याच्या कुशीत दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. तिथे १९५०च्या दशकात दरड आणि माती उपसताना एक बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र धरलेला यक्ष सापडला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो तोंडभर हसतो आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. डोक्यावर ओझे आणि तोंडावर हसू! सोन्याचे बारीक काम करणाऱ्या या कारागिराने पाषाणात कोणाचा चेहरा कोरला असेल? स्वर्गातल्या यक्षाचा खासच नव्हे. बाजारातल्या एखाद्या ओळखीच्या, गलेलठ्ठ, आनंदी हमालाचा किंवा दुकानदाराचा तो असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. दोन हजार वर्षांनी त्याला पाहणारा माणूसही नकळत हसतो.

दुसरी देवगावची बहिणा. देवगाव रंगारी हे याच तालुक्यातले गाव. तिथे १६२८ साली कुलकर्ण्यांच्या घरी जन्मलेल्या या मुलीचे लग्न अजाण वयातच शिऊरच्या एका मोठ्या वयाच्या वैदिक ब्राह्मणाशी झाले. भाऊबंदकीच्या कटकटीपायी कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर वगैरे करीत मंडळी कोल्हापूरला आली. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात ह्या लहान पोरीच्या कानांवर तुकोबांचे अभंग पडले. तुकोबा देहूला, ती कोल्हापुरात. तिने त्यांना पाहिले नव्हते, त्यांचा आवाज ऐकला नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून त्यांचे शब्द तेवढे ऐकले होते. आणि त्या शब्दांनी तिला असे वेड लावले, की हाच आपला गुरू, याला भेटल्यावाचून जगणे नाही, असे तिच्या मनाने घेतले. नवऱ्याला हे पटेना. शूद्राला गुरू करणारी बायको त्या वैदिकाच्या घरात कशी खपावी? त्याने तिला मारले, बांधून घातले. तिच्या लळ्याचे एक वासरू होते, तेही गेले. त्या दुःखात तिला स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले आणि पुढे ती नवऱ्यासह देहूला गेली. तिथेही मंबाजीने छळ करण्यात कसर ठेवली नाही. ही सगळी हकीकत तिने स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांत लिहून ठेवली आहे. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शिऊरला १७०० साली तिने देह ठेवला.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा संतचरित्राचा प्रसाद कशाला, असे वाचक विचारतील. त्याला कारण आहे. जे आपले नाते नाही, जे समोर नाही, कित्येकदा जे खरेही नाही, त्याच्यासाठी माणसे हसतात आणि रडतात, हा एक मोठा चमत्कार आहे. शहाणी माणसे त्याला भाबडेपणा म्हणतात. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह आणि सनावळ्या शिकवल्या. पण माणसे कशाने रडली आणि कशाने हसली याचा इतिहास कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. तो लिहायचा झाला तर आमच्या भागापुरता त्याचा आरंभ बहिणेपासूनच करावा लागेल.

तिच्याही आधी पैठण आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या एकनाथमहाराजांनी (१५३३ ते १५९९) भारुडे रचली, तेव्हा त्यांनी एक फार मोठी गोष्ट जाणली होती. नुसता उपदेश लोकांच्या कानांवरून जातो. पण तोच उपदेश जोगतीण, वासुदेव, जोशी, विंचू चावलेला माणूस, सासरच्यांना विटलेली सून यांच्या तोंडी घातला आणि त्याला चाल लावली, की लोक आधी हसतात आणि हसता हसता गंभीर होतात. भारुडातले पात्र घटकाभरच समोर असते. पण ते पात्र असते, नुसते तत्त्व नसते. विनोद आणि गाणे यांची ही जोडी नाथांनी लावून दिली आणि मराठी माणसाने ती पुढे कधी मोडली नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून दोन पिढ्या महाराष्ट्र गाण्यावरच जगला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तो गातच.

येथे प्रभात कंपनीच्याच दोन चित्रपटांची तुलना करण्याजोगी आहे. १९३५ साली शांतारामबापूंनी एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला आणि नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्वांना उभे केले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ आला. त्यात तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. दोघेही नट मूळचे स्त्रीभूमिका करणारे, दोघेही गाणारे. कीर्तीच्या तराजूत बालगंधर्वांचे पारडे कितीतरी जड. तरी लोकांनी बालगंधर्वांचे एकनाथ मनावर घेतले नाहीत आणि पागनिसांचे तुकोबा देव्हाऱ्यात नेऊन बसवले. मला याचे कारण असे दिसते, की बालगंधर्वांना पाहताना लोकांच्या डोळ्यांपुढून भरजरी शालूतली भामिनी आणि रुक्मिणी हलत नव्हती. पागनीस रंगभूमी सोडून भजनात रमलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधीचे कोणतेही ओझे नव्हते. तो चेहरा कोरा होता, म्हणून त्यावर तुकोबा उमटले.

मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो बोलपट सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोक पागनिसांच्या पाया पडत. घराघरांत तुकोबा म्हणून जी तसबीर लागली ती कित्येक ठिकाणी पागनिसांची होती, आणि अजून आहे. केशवराव भोळ्यांनी चाली अशा बांधल्या, की त्या बांधल्या आहेत असे वाटू नये. शांताराम आठवल्यांनी तुकोबांच्या वळणाचा एक अभंग रचून दिला, तो इतका बेमालूम उतरला की भल्याभल्यांनी तो तुकोबांचाच धरला. आणि हे सगळे घडवणाऱ्या जोडीतले एक होते शेख फत्तेलाल. वारकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या या चित्रात त्यांचे हात गुंतलेले आहेत, हे कोणी मुद्दाम सांगितल्यावाचून आठवत नाही. मला वाटते, त्यांच्या कामाची याहून मोठी पावती दुसरी नाही.

पण चित्रपटाचा खरा जीव तुकोबांत नाही. तो जिजाईत आहे. ती भूमिका करणारी गौरी ही कंपनीत अगदी खालच्या कामापासून वर आलेली बाई. तिला अभिनयाची शाळा ठाऊक नव्हती, संसाराची होती. शेण काढणारी, म्हैस हाकणारी, नवऱ्याच्या विठोबाला शिव्या घालणारी, मूल आजारी पडल्यावर वहाण उगारून थेट देवळात शिरणारी ही जिजाई पाहून लोक खदखदा हसतात आणि त्याच हसण्यात त्यांचा गळा दाटून येतो. कारण पोरे उपाशी असताना नवरा धान्य वाटून येतो, ही गोष्ट विनोदाची आहे की दुःखाची, हे ठरवायचे कोणी? सालोमालो तुकोबांचे अभंग चोरून ते भलत्याच ढंगात गातो, त्यालाही आपण हसतो; पण ते हसणे निराळे. सालोमालोला हसताना आपण त्याच्या वर असतो. जिजाईला हसताना आपण तिच्या शेजारी बसलेले असतो.

आता आमच्याकडची स्थिती पाहू. हा चित्रपट आला तेव्हा कन्नड निजामाच्या राज्यात होते. दरबारची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. सभा-संमेलनांवर परवानगीचा जाच. घाटाखाली चाळीसगाव हा इंग्रजी मुलूख. तिथे आगगाडी, तिथे बाजार. घाट उतरला की राज्य बदलत असे. १७ सप्टेंबर १९४८ला ती हद्द पुसली गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. मराठी बोलणाऱ्या पण मराठीत अर्ज करू न शकणाऱ्या माणसाला पडद्यावरून मोठ्या आवाजात आपली भाषा, आणि तीही तुकोबांची, ऐकू येणे म्हणजे काय, हे ज्यांनी तो काळ भोगला त्यांनाच कळावे. मी त्यांच्या पुढच्या पिढीतला. माझ्या लहानपणी जुने चित्रपट जत्रांतून तंबूत येत. पुढे वाळूवर बैठक, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये किंतानाचा पडदा. बाहेर जनित्राची धडधड, आणि रीळ बदलताना लागणारा दिवा. त्या दिव्यात मोठी माणसे घाईघाईने डोळे पुसताना दिसत.

आमच्या घरी एक आत्या होती. विसाव्या वर्षाच्या आत विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि उरलेले आयुष्य तिने भावाच्या चुलीपाशी काढले. तिला रडताना आम्ही कधी पाहिले नाही. रडण्याचा हक्कही घरात जागा असलेल्या माणसालाच असतो. आश्रिताने रडून कोणाला सांगायचे? ती आत्या तंबूत ‘संत तुकाराम’ला गेली की हमसून हमसून रडे. मी एकदा तिला विचारले, “आत्या, तुकोबा वैकुंठाला जातात म्हणून रडतेस का?” ती म्हणाली, “तुकोबाचं काय रे, त्याला देव आहे. मागं राहिली तिला कोण आहे?” पुढे ती जिजाईच्या बोलण्याच्या नकला करून आम्हा पोरांना हसवीतही असे. त्या एका बाईच्या निमित्ताने तिला दोन्ही गोष्टी करता येत होत्या, ज्या स्वतःच्या नावाने करता आल्या नसत्या. बहिणेला परक्याच्या अभंगांनी जे दिले ते आत्याला परक्याच्या चित्राने दिले. फरक इतकाच, की बहिणेला त्यापायी मार खावा लागला; आत्याला तंबूच्या अंधाराने झाकले.

आता हसण्याकडे वळू. १८९२ हे साल मोठे मजेचे आहे. पागनिसांचा जन्म त्या साली आणि चिंतामण विनायक जोशींचाही. चि. वि. जोशी बडोद्याला राहणारे, पाली भाषेचे पंडित, बुद्धाच्या जातककथा मराठीत सांगणारे. पितळखोऱ्याचा हसरा यक्ष त्यांच्याच अभ्यासाच्या जगातला! या गंभीर पंडिताने १९३०च्या दशकात ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ लिहून मराठी मध्यमवर्गाला त्याचा एक भाऊ मिळवून दिला. चिमणराव हा पुण्याचा कारकून. भिडस्त, थोडा बढाईखोर, प्रत्येक बेत स्वतःच्या हाताने फसवणारा. जोडीला दंड थोपटणारा मावसभाऊ गुंड्याभाऊ, घरात काऊ, मोरू, मैना. पुढे मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावं करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) काढले. त्यांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चि. वि. १९६३ साली गेले. चिमणराव मात्र जायला तयार नव्हता.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि १९७७ साली याकूब सईद व विजया धुमाळे यांनी चिमणरावाला त्या छोट्या पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याच्या घरांत त्या वेळी जेवणे लवकर उरकली जात, शेजारी संच असलेल्याकडे मंडळी दाटीवाटीने बसत. घरमालकाला चहाचा भुर्दंड आणि शेजाऱ्यांना संकोच. पण एकदा चिमणरावाची फजिती सुरू झाली, की दोन्ही विसरले जात. आम्ही कन्नडची माणसे या सुखाला मुकलो. मुंबईच्या लहरी आमच्या घाटापर्यंत पोचत नव्हत्या. आम्ही वर्तमानपत्रात कार्यक्रमाचे नाव वाचायचो आणि ग्रंथालयातले फाटके पुस्तक घरी आणून मोठ्याने वाचायचो. आत्या ऐकायला बसे. चिमणराव काहीतरी लपवायला जाऊन पुरता उघडा पडला की ती म्हणायची, “अगदी आपल्या दादासारखा!” दादा म्हणजे माझे वडील, म्हणजे तिला सांभाळणारा भाऊ. त्यांच्याबद्दल तिच्या तोंडून एरवी एक शब्द निघत नसे. चिमणरावाच्या आडून ती त्यांना हसली. वडीलही ऐकत होते, तेही हसले. त्या घरात त्या दोघांना मी एका गोष्टीवर एकत्र हसताना पहिल्यांदा पाहिले.

पुढे १९८४ साली सरकारने देशभर लहान प्रक्षेपकांचा सपाटा लावला. काही महिने तर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. हळूहळू आमच्या आसपासच्या गच्च्यांवरही अँटेना उगवल्या. मग ‘हम लोग’ आले. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ आले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडले, संचाला हार चढले. लोक त्याला हसले. पण पागनिसांच्या पाया पडणाऱ्यांचीच ती नातवंडे होती. १९८८ साली ‘वागळे की दुनिया’ आली. मूळ आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतले पात्र, दिग्दर्शन कुंदन शहांचे, भाषा हिंदी. पण अंजन श्रीवास्तव यांचा तो मराठी कारकून पाहून मला एकदम वाटले, हा तर चिमणरावाचा मुंबईत बदली झालेला पुतण्या.

या साऱ्या हकीकतीतून मला एक भेद दिसतो, तो वाचकांपुढे ठेवतो. गाण्याचा चित्रपट हा जत्रेसारखा असतो. आपण घर सोडून त्याच्याकडे जातो, चार लोकांत बसतो, आणि तो आपल्याला आहे त्याहून वर उचलतो. त्यातले पात्र आपल्याहून मोठे असते, म्हणून हात जोडले जातात. दूरचित्रवाणीवरची विनोदी मालिका ही पाहुण्यासारखी असते. ती दर आठवड्याला आपल्या घरी येते, आपल्या सतरंजीवर बसते, आणि तिच्यातले पात्र आपल्याएवढेच, किंबहुना थोडे कमीच असते. म्हणून त्याचा लळा लागतो. पहिल्या प्रकारात आपण स्वतःला विसरतो. दुसऱ्यात आपण आपल्या घरच्या माणसांना माफ करायला शिकतो. रडून मन हलके होते हे खरे. पण हसून नाते हलके होते, आणि संसारात त्याची गरज कमी नसते.

कोणी म्हणेल, हे सारे खोटे आहे. पागनीस म्हणजे तुकोबा नव्हेत, प्रभावळकर म्हणजे चिमणराव नव्हेत. रंग लावलेल्या माणसांसाठी केलेले हसू-आसू कोणाच्या कामाचे? या आक्षेपात थोडे तथ्य आहे आणि त्याची किंमत नटांनी मोजलेली आहे. १९४३ साली वारले तोवर पागनिसांना लोकांनी तुकोबांच्या बाहेर फारसे येऊ दिले नाही. प्रभावळकर सुटले, कारण ‘हसवाफसवी’त एकाच नाटकात सहा निरनिराळी माणसे उभी करून आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी होऊन त्यांनी आपला चेहरा पुन्हा पुन्हा कोरा करून घेतला. बाळ कर्वे २०२५च्या ऑगस्टमध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले. तेव्हा बातमी वाचून कित्येकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘गुंड्याभाऊ गेले’. मूळ पुस्तकातला गुंड्याभाऊ तर कागदावरचा, त्याला मरण नाही. तरी लोकांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. यात नटाचा अपमान आहे काय? मला तसे वाटत नाही.

आणि खोटेपणाचे म्हणाल, तर बहिणेने तरी काय पाहिले होते? कीर्तनकाराच्या तोंडचे दुसऱ्याचे शब्द, आणि एक स्वप्न. त्या जोरावर तिने मार सोसला, गाव सोडले, देहू गाठले आणि आपले सगळे आयुष्य लिहून ठेवले. भावनेचा खरेपणा ती कशामुळे उठली यावर ठरत नाही. ती उठल्यावर माणसाने काय केले यावर ठरतो. तंबूतून आल्यावर आत्या पुन्हा चुलीपाशीच बसे, तिच्या स्थितीत काडीचा फरक पडत नसे, हे मला ठाऊक आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. चित्रपटाने तिला घर मिळवून दिले नाही. पण तिच्या दुःखाला एक नाव मिळाले, आणि ते नाव घेऊन ती आम्हा मुलांशी बोलू लागली. आमच्या घरात विधवेच्या मनात काही असते, हे आम्हाला जिजाईमुळे कळले. पुढे माझ्या बहिणीवर तोच प्रसंग आला, तेव्हा वडिलांनी तिला चुलीपाशी बसवले नाही, शिकायला पाठवले. त्याचे श्रेय मी कोणा एका बोलपटाला देणार नाही. इतिहासाच्या मास्तराने इतके सोपे कार्यकारण लावू नये. तरी त्या निर्णयाच्या मागे कुठेतरी तंबूतला तो हुंदका होता, असे मला वाटत राहते.

आता प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा आहे. एकाच खोलीत पाच माणसे पाच निरनिराळ्या गोष्टींना हसतात आणि कोण कशाला हसले हे कोणाला कळत नाही. मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. आत्याला असा एक पडदा मिळाला असता तर तिने तो उशाशी घेऊन रडून घेतले असते. पण मग तिचे रडणे आम्हाला दिसले नसते. या दिवाळीत फराळ झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून एखादी जुनी गोष्ट लावावी, तुकोबांची चालेल, चिमणरावांची चालेल, आणि पडद्याइतकेच लक्ष आपल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे ठेवावे. कोण कुठे हसतो आणि कोण कुठे गप्प होतो, हे पाहून ठेवण्यासारखे असते.